पायरी कोणी लिहिली, ते विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही विषय कळवला, 'अल्गोरिदम'. सेक्रेटरी हसले. म्हणाले, "दादा, साचेवाल्याने हा विषय कशाला घेतला?" आम्ही म्हटले, साचेवाल्यानेच घ्यावा असा हा विषय आहे. कारण पुढे सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतल्या एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला. पोरगा घरात तोंड लपवून बसला. आई म्हणाली, "कॉम्प्युटरनं नाही म्हटलं, आता कुणाशी भांडायचं?" मित्रहो, पूर्वी लोक 'नशिबात नाही' म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. ते वाक्य आम्हाला फार झोंबले. म्हणून कॉम्प्युटर नाही म्हणतो म्हणजे नेमके काय करतो, हे आज समजून घेऊ.

भगिनींनो, तुम्ही रोज भाकरी करता. परातीत पीठ घ्यायचे, कोमट पाण्याने मळायचे, गोळा करून थापायचा, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे. पाणी सुकत आले की उलटायची. दुसरी बाजू भाजली की विस्तवावर फुगवायची. पीठ उरले असेल तर पुन्हा गोळा; संपले तर थांबायचे. झाला अल्गोरिदम! ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या ठिकाणी थांबणारी, कामाची पायरी-पायरीची रीत. त्यात काही आत जाते, काही बाहेर येते. 'असे झाले तर हे कर, नाहीतर ते कर' असा निवाडा असतो आणि 'संपेपर्यंत पुन्हा कर' अशी फेरीही असते.

फरक एकच. सासू सुनेला सांगते, "पाणी अंदाजानं घाल." सून बघून शिकते. कॉम्प्युटरला असा अंदाज सांगून चालत नाही. किती, कधी, कुठवर, सगळे अगोदर कोणीतरी ठरवून द्यावे लागते. आजकाल हजारो उदाहरणे दाखवून यंत्राला शिकवतात, हे खरे. पण ती उदाहरणे निवडणारा आणि त्याच्या उत्तरावर निर्णय सोपवणारा माणूसच असतो.

बालमित्रांनो, तुम्ही बेरीज करताना म्हणता, "सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक." तोही अल्गोरिदमच. हा शब्द कुठून आला, तेही ऐका. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्याने पुस्तक लिहिले. पुढे ते लॅटिनमध्ये गेले आणि त्याच्या नावावरूनच हा शब्द झाला.

रीत चांगली असली तर कष्ट किती वाचतात पाहा. आम्ही रात्रशाळेत शिकत असताना शब्दकोशात शब्द शोधायला पहिल्या पानापासून बसायचो. गुरुजी म्हणाले, "अरे, मधोमध उघड. शब्द अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोड. उरलेल्याचे पुन्हा मधोमध." हजार पानांच्या कोशात अशा रीतीने फार तर दहा वेळा उघडून पान सापडते. पण एक अट आहे. शब्द अगोदर क्रमाने लावलेले पाहिजेत. माहिती विस्कळीत असेल तर उत्तम रीतही हात टेकते.

आता आमच्या साच्याकडे येतो. कापडाच्या उभ्या धाग्यावर एकेक पातळ पत्री अडकवलेली असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि साचा थांबतो. 'धागा तुटला तर थांब, नाहीतर चालू राहा', हा निवाडा लोखंडात घडवलेला आहे. साच्याला अक्कल आहे म्हणून तो थांबत नाही. अक्कल तो बनवणाऱ्याची.

याहून मोठी गोष्ट जॅकार्डची. फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ-मारी जॅकार्ड याने १८०४ साली हा साचा पुढे आणला. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडून त्यांची माळ लावायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एकेका पट्टीने नक्षीची एकेक ओळ विणली जाते. आपली सोलापुरी चादर जॅकार्डवरच विणतात. याच पट्ट्यांची कल्पना इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात घेतली. त्या यंत्राकडून एक अवघड गणित कसे करून घ्यायचे, याच्या पायऱ्या एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली छापून प्रसिद्ध केल्या. तेव्हा साचेवाल्याने कॉम्प्युटरसमोर दबून जायचे कारण नाही. त्याच्या वंशावळीत आपला साचा आहे!

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही दोघे-तिघे त्याला घेऊन कचेरीत गेलो. "अर्ज का नाकारला?" असे न विचारता आम्ही विचारले, "कोणत्या पायरीवर अडला?" साहेबांनी दोन कागद शेजारी ठेवले. आडनाव एकच, पण इंग्रजीत एका दाखल्यावर 'डब्ल्यू'ने लिहिलेले आणि दुसऱ्यावर 'व्ही'ने. माणसाने पाहिले असते तर लगेच ओळखले असते. यंत्राला मात्र सांगितले होते, 'अक्षरे जुळली तर पुढे, नाहीतर नामंजूर.' त्या 'नाहीतर'च्या पुढे 'माणसाला दाखव' अशी एक पायरी लिहायची राहिली होती. मुदतीला चार दिवस उरले होते. धावपळ करून दाखला दुरुस्त केला आणि अर्ज मंजूर झाला.

पण एक गोष्ट लपवत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका मुलीचा अर्ज असाच परत आला होता. तेव्हा आम्हीही "कॉम्प्युटरचं काम आहे, बाई" म्हणून गप्प बसलो. तिचे कॉलेजचे वर्ष वाया गेले. तो दोष यंत्राइतकाच आमचाही आहे. ती मुलगी आज या सभेत बसलेली आहे आणि तिच्यासमोर आम्ही हे कबूल करतो.

म्हणून तीन प्रश्न पाठ करा. यंत्राने आमची कोणती माहिती घेतली? कोणत्या पायरीवर अडवले? आणि तिथे दाद कोणाकडे मागायची? रेशन असो, पेन्शन असो, नोकरीचा अर्ज असो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कचेरीतून उठू नका. आणि उत्तर लेखी घ्या.

दर रविवारी सकाळी आम्ही विहारात बसतो. परत आलेला कागद घेऊन या. आपण मिळून त्याच्या पायऱ्या मांडू. आणि मुलांनो, घरी एक खेळ करा. भाकरीच्या पायऱ्या वहीत लिहा आणि वडिलांना तंतोतंत तेवढेच करायला लावा. भाकरी बिघडली तर वडिलांना हसण्याआधी वही तपासा. चूक बहुधा लिहिणाऱ्याची निघेल.

पायरी माणसाने लिहिलेली असते, म्हणून ती माणसाला बदलता येते. एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम!