कापलेला पगार जातो कुठे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही व्यासपीठावर बोलणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शिकले, पुढे संसार. पण आमच्या घरची हिशेबाची वही माझ्याकडे असते, आणि त्या वहीतलेच चार आकडे आज आपणांपुढे ठेवणार आहे. आपल्या आळीतली काही मुले हल्ली सिंगापुरात आहेत. त्यांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या यायचाच.

माझे धाकटे दीर तेथे नोकरीला आहेत. २०२२ साली त्यांना कायम राहण्याचा परवाना मिळाला, पी. आर. म्हणतात तो. आम्ही पेढे वाटले. पुढे दोन वर्षांत मात्र त्यांच्याकडून येणारे पैसे निम्म्यावर आले. घराच्या कर्जाचा हप्ता त्यांच्याच पैशांतून जाई. सासूबाईंचा रोख लगेच धाकट्या सुनेवर गेला. मुलाचा हात आखडला की सुनेने कान फुंकले, हे आपल्याकडे ठरलेलेच! बोलणे इतके वाढले की जाऊबाईंचा फोन येईनासा झाला. तेव्हा मी भाऊजींकडून पगाराचे कागद मागवून घेतले.

आपल्याकडे कारखान्यात फंड कापतात, तसाच तेथे सेंट्रल प्रॉव्हिडंट फंड आहे, १९५५ सालापासूनचा. परदेशी माणूस नुसत्या नोकरीच्या परवान्यावर असतो तोवर त्याचा हा फंड कापत नाहीत. पी. आर. झाला की कापू लागतात, पण एकदम नाही. पहिल्या वर्षी नोकराचे शेकडा ५ आणि मालकाचे ४, दुसऱ्या वर्षी १५ आणि ९, तिसऱ्या वर्षापासून २० आणि १७. हा दर पंचावन्न वर्षांपर्यंतच्या माणसाचा.

समजा, पगार ५,००० डॉलर आहे. आधी सगळा हातात येत होता. पहिल्या वर्षी ४,७५० येतील. कोणाच्या लक्षातही यायचे नाही. दुसऱ्या वर्षी ४,२५० आणि तिसऱ्या वर्षी ४,००० च. म्हणजे पगार तोच आणि महिन्याला हजार डॉलर कमी. तेथले घरभाडे काही कमी होत नाही, मग कात्री लागते ती गावी पाठवायच्या पैशांना. यात जाऊबाईंचा काय दोष?

बरे, हे पैसे बुडत नाहीत. हजार यांचे आणि साडेआठशे मालकाचे, असे १,८५० डॉलर दरमहा भाऊजींच्याच नावावर जमा होतात. मालकाने आपला वाटा नोकराच्या पगारातून वळता केला तर तो तेथे गुन्हा आहे. पैसे तीन खात्यांत पडतात: एक घर वगैरेसाठी, त्यावर शेकडा अडीच व्याज, दुसरे म्हातारपणासाठी आणि तिसरे औषधपाण्यासाठी, त्या दोहोंवर चार टक्के मिळत आले आहे.

घरासाठी खाते आहे हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग त्यातूनच आपला हप्ता भरू दे की!" प्रश्न रास्त होता. पण ते पैसे सिंगापुरातल्याच घराला चालतात, येथल्या नाही. सगळी रक्कम उचलायची तर पी. आर. सोडून कायमचे निघून यावे लागते. नाही तर पंचावन्नाव्या वर्षी काही भाग आणि पासष्टीपासून दरमहा. भाऊजी आज अडतीस वर्षांचे आहेत.

म्हणून कोणी "अहो, पैसे साठताहेत ना!" म्हणून समजूत घालू लागले की मला राग येतो. साठलेल्या पैशाने या महिन्याचा हप्ता भागत नाही. आम्ही बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून घेतली. व्याज जास्त जाईल, पण हप्ता लहान झाला. मुलगा पी. आर. साठी अर्ज करतो त्याच दिवशी घरच्यांनी तिसऱ्या वर्षाचा आकडा धरून हिशेब मांडावा. पहिल्या वर्षाच्या पाच टक्क्यांवर विसंबून नवे कर्ज काढू नये. पगार मोठा असला तर एक मर्यादा आहे: २०२६ च्या जानेवारीपासून महिन्याच्या पगारापैकी ८,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवरच फंड कापतात.

सासूबाईंपुढे मी वही ठेवली आणि तिन्ही वर्षांचे आकडे वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र म्हणाल्या, "तिला फोन लावून दे."

ही वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना आकडे उतरून घ्यायचे असतील त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्यावी.