एकाच उसाचे दोन जिल्हे



प्रादेशिक विषमतेची चर्चा आपल्याकडे बहुधा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेपाशी येऊन थांबते. पाऊस कमी, म्हणून पाणी कमी, म्हणून मागासलेपण. हे तर्कशास्त्र मला आज दोन शेजारी जिल्ह्यांवर तपासून पाहायचे आहे : अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, आणि बीड.

अहिल्यानगरच्या राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात बीडपेक्षा जास्त पाऊस पडत नाही. जिल्ह्याची सरासरी पाहिली तर बीडचीच थोडी वरचढ भरते. तरी ऊस प्रवराकाठी उभा राहिला आणि तो तोडायला माणसे बीडहून निघाली. असे का झाले?

भूगोलाचा वाटा आधी मान्य करू. प्रवरा सह्याद्रीच्या धो धो पावसात उगम पावते. बीडच्या सिंदफणा आणि मांजरा बालाघाटाच्या कोरड्या डोंगरात. पण प्रवरा तर शतकानुशतके वाहतच होती. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर आणि 1901 च्या सिंचन आयोगानंतर मुंबई सरकारने दख्खनमध्ये दुष्काळनिवारक धरणांचा विचार गंभीरपणे केला. प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले. हेतू ज्वारी-बाजरी वाचवण्याचा होता. मात्र बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीचा शेतकरी पाणी विकत घेईना आणि पाणीपट्टीवाचून कालव्याचा खर्च निघेना. बारमाही पाणी घेणारा, पट्टी भरणारा ऊस सरकारला सोयीचा वाटला. 1932 मध्ये साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी कारखाना उभा राहून 1950 च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले.

मांजरेची कथा याहून बोलकी आहे. बीडमध्ये उगम पावणाऱ्या या नदीवर निजाम सरकारने 1931 मध्ये मोठे धरण पुरे केले, ते मात्र खाली तेलंगणात, निजामसागर येथे. त्याच्या लाभक्षेत्रात बोधनला साखर कारखाना निघाला. नदी तीच, आणि बीडही तेव्हा निजामाकडे असल्याने राज्य तेच; उगमाकडच्या तालुक्यांच्या वाट्याला काही आले नाही. मराठवाड्याला पाणी देणारे जायकवाडी धरण गोदावरीवर व्हायला 1976 उजाडले. तोवर वरच्या अंगाला धरणे, कारखाने, सहकारी बँका आणि त्यांतून घडलेले नेतृत्व, सगळे स्थिरावले होते.

आता या साखळीचे दुसरे टोक पाहा. दिवाळीच्या सुमारास बीडमधून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. कामावर न आल्यास खाडा, म्हणजे दंड, लागतो, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम. कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहणाऱ्या पोरांची शाळा सुटते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 मध्ये शासनाला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत काम बुडून खाडा लागेल या भीतीचा त्या प्रश्नाशी असलेला संबंध तेव्हा उघडपणे बोलला गेला.

आपल्या अभ्यासाची उणीव मला इथे दिसते. दांडेकर समितीने 1984 मध्ये विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजला. ते काम मोलाचे होते आणि त्याचा मराठवाडा-विदर्भाला उपयोगही झाला. पण जिल्हा हे एकक धरले की उसाची कमाई एका रकान्यात पडते आणि तो तोडणाऱ्याचे दारिद्र्य दुसऱ्या. वाचणाऱ्याला वाटते, एक जिल्हा पुढे गेला, दुसरा मागे राहिला. वास्तविक स्वस्त, कर्जात बांधलेले श्रम मिळाले म्हणून पहिल्याची साखर परवडली. ही दोन टोकांची एकच अर्थव्यवस्था आहे.

आणि विषमता जिल्ह्या-जिल्ह्यांतच आहे असेही नाही. कालव्याचे पाणी जमिनीला मिळाले. ज्याची जमीन, त्याचे पाणी. ज्याचा ऊस, तो सभासद. जो सभासद, त्याचे मत. भूमिहीनाला या ओळीत कुठेच जागा नव्हती, मग तो श्रीरामपूरचा असो वा बीडमधल्या शिरूर-कासारचा.

हा नियम बदलता येतो, हे पुरंदर तालुक्यात दिसले. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, भूमिहीनालाही हक्क, ऊस लावायला मनाई. पुरंदरही पर्जन्यछायेतच आहे. पाऊस बदलला नव्हता, वाटपाचा नियम बदलला होता. हा प्रयोग राज्याचे धोरण झाला नाही. कारण राज्यात ऊस पिकाखालच्या थोड्याच जमिनीवर असूनही सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेतो, आणि त्या पाण्यावर सत्ता उभी आहे.

म्हणून या अधिवेशनापुढे दोन सूचना ठेवतो. प्रादेशिक विषमतेचे निबंध यापुढे जिल्ह्याच्या हद्दीवर थांबू नयेत. हंगामी स्थलांतर, उचल आणि मजुरी यांचा हिशेब दोन्ही टोकांना जोडून मांडावा. आणि भूमिहीनांच्या पाण्याच्या हक्कावर या परिषदेने स्वतंत्र चर्चासत्र घ्यावे, त्यात कारखान्याचे संचालक आणि ऊसतोड कामगार एकाच व्यासपीठावर असावेत. भूगोलाला दोष देणे कोणालाच झोंबत नाही, म्हणून ते सोपे आहे. कोणी, कधी, कोणासाठी पाणी वळवले हे विचारणे झोंबणारे आहे, आणि आपले काम तेच आहे.