क्षमा : एक वेगळा हिशेब
(रुग्णालयाच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च आपणांसमोर ठेवणे हे आमचे नित्याचे काम. आज ज्या हिशेबाला लेखापरीक्षक नसतो, त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अपराध करणाऱ्या बंधूला सात वेळा क्षमा केली म्हणजे पुरे काय, असे पेत्राने विचारले, तेव्हा प्रभू येशूने ती मोजणीच मोडीत काढली व एक दाखला दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात तो आहे. राजाने एका दासाचे दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले. त्याच दासाने बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज आणि तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे सुटलेले कर्ज मागितलेल्या कर्जाच्या ६ लाख पट होते. तरीही शंभर दिनार ही रक्कम क्षुल्लक नव्हे. ती तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी होय. आपले दुःख खोटे आहे, असे प्रभू सांगत नाही. आपणांस लाभलेल्या कृपेशेजारी ते ठेवून पाहा, एवढेच तो सुचवितो.

हे किती कठीण आहे, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशातील बारिपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व टिमथी हे दोन बालक यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी जमावाने वाहनात जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि कन्येसह तेथेच राहून २००४ पर्यंत कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. न्यायालयाचे काम मात्र थांबले नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमेने मनातील वैर सुटते. गुन्ह्याचा न्याय कायद्याकडेच राहतो.

रुग्णालयात तर हा भेद नित्य सांभाळावा लागतो. वेदनेने व्याकुळ झालेला रुग्ण परिचारिकेला कटू बोलतो, मृत्यूनंतर भाऊ भावाला उशिराचा दोष देतो. तेथे क्षमेवाचून जखम भरत नाही. परंतु सेवेत उणीव राहिली, तर आप्तांना क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तेथे आमचे कर्तव्य तक्रार ऐकण्याचे, चौकशीचे आणि सुधारणेचे. क्षमा करणे हा दुखावलेल्याचा अधिकार आहे. ती मागून वसूल करता येत नाही.

आणि ती एका दिवसात पूर्णही होत नाही. जुनी आठवण पुन्हा वर येते, पुन्हा प्रार्थनेत ती प्रभूच्या हाती द्यावी लागते. सत्तर वेळा सात याचा अर्थ कदाचित हाच असावा, की एकाच अपराधाची क्षमाही अनेकदा करावी लागते. ख्रिस्ती जीवनातील वाढ अशीच, ड्रेसिंग बदलावे तशी, रोज थोडीथोडी होते.

आपल्या दानाने येथील अनेकांची बिले माफ झाली. ज्याने आपले सर्व ऋण सोडले, तो प्रभू परस्परांची ऋणे सोडण्याचे बळ आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना.