उंबरठा आणि आरसा
मुझफ्फर अली यांच्या 'उमराव जान' या १९८१च्या चित्रपटातील गाणी लखनऊच्या तवायफांच्या वाट्याला आलेले सामाजिक बहिष्करण प्रतीकांतून दाखवतात. कथेचा आधार मिर्झा हादी रुसवा यांची १८९९ची कादंबरी. कोठ्यावर झुंबरे, अत्तर आणि दाद असते. पण हा मान मैफिलीपुरताच. शेवटची मैफल नायिका उमरावच्या जन्मगावी, फैजाबादला होते. त्यानंतर आई तिला ओळखते, भाऊ मात्र घरात घेत नाही. तिथे उंबरठा हीच समाजाची सीमारेषा ठरते. ओसाड कोठ्यात परतल्यावर ती आरशावरची धूळ पुसते. समोर उरते तिचेच प्रतिबिंब. या चित्रपटासाठी संगीतकार खय्याम आणि गायिका आशा भोसले यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.