वेदनेकडे उघड्या डोळ्यांनी पाहू या
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा वाटले, शिक्षणावर बोलावे, संघटनेवर बोलावे. पण आज आम्ही दुखण्यावर आणि चित्रावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गिरणी कामगाराचा आणि चित्राचा काय संबंध? संबंध आहे, म्हणूनच उभे राहिलो.

आपल्या वस्तीत दुखणे नाही असे घर नाही. सूतगिरणीत पाळीभर उभे राहून आमची कंबर गेली. संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्यांचे खांदे गेले. निंदणाला वाकणाऱ्या मायबहिणींची पाठ गेली. विचारले तर उत्तर एकच, "काही नाही जी, थोडंसं दुखते." सांगितले तर मजुरी बुडते, म्हणून दुखणे गिळायची सवय आपल्या हाडात मुरली आहे.

पण तथागतांनी पहिले आर्यसत्य सांगितले ते दुःखाचे. दुःख आहे, हे आधी मान्य करा. उतारवयात त्यांची स्वतःची पाठ दुखत असे. ती त्यांनी लपवली नाही. उपदेशाचे काम शिष्यावर सोपवून ते आडवे होत, असे त्रिपिटकात आहे. दोन बाणांचा दृष्टान्तही त्यांचाच. पहिला बाण शरीराला लागतो. त्यावर मन आक्रोश करते, कुढते, तो दुसरा बाण. पहिला चुकवता येत नाही, दुसरा येतो.

आता परमपूज्य बाबासाहेबांकडे पाहा. मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप नसे. तशाही स्थितीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. आणि याच उतारवयात त्यांनी चित्रकलेचा छंद जोपासला. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र त्यांनी काढलेले म्हणून प्रसिद्ध आहे. दुखणे विसरायला ते काढले, असे आम्ही म्हणणार नाही. पण दुखऱ्या देहाच्या माणसाने डोळे मिटलेला नव्हे, जगाचे दुःख पाहणारा बुद्ध निवडला, हे ध्यानात ठेवा. काटोल रोडवर फेटरीजवळ चिचोलीला शांतिवन आहे. तिथे बाबासाहेबांचा टाइपरायटर आणि कपडे जपले आहेत. ते कोट पाहताना वाटते, केवढे दुखणे या कपड्यांच्या आत त्यांनी वागवले असेल!

दूरच्या मेक्सिको देशात फ्रीडा काहलो नावाची चित्रकर्ती होऊन गेली. 1925 साली बस आणि ट्रामच्या अपघातात तिचा कणा मोडला. पलंगावर पडल्या पडल्या, वर आरसा लावून तिने स्वतःची चित्रे काढली. 1944 च्या एका चित्रात तिचे शरीर मधोमध उकललेले, कण्याच्या जागी तडकलेला दगडी खांब, अंगभर खिळे रुतलेले. डोळ्यांत पाणी आहे, पण डोळे उघडे, सरळ आपल्याकडे पाहणारे.

हे वाचून आम्हीही एका रात्री नातीची खडूची पेटी घेतली. झोप येतच नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माणूस काढला, अगदी बुजगावण्यासारखा. कमरेच्या जागी रिंगफ्रेमची चाती काढली आणि तिथून टाचेपर्यंत लाल रेघ ओढली. सकाळी घरच्यांनी पाहिले. म्हणाल्या, "एवढं दुखते तर सांगितलं काहून नाही?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

तो कागद डॉक्टरांना दाखवला. इतके दिवस आम्ही "कंबर दुखते" एवढेच सांगत होतो आणि गोळ्या घेत होतो. लाल रेघ पाहून त्यांनी पाय उचलून तपासला आणि शीर दबल्याचे सांगितले. मग व्यायाम दिले, वजन उचलणे बंद केले. दुखणे गेले नाही, कमी झाले. पण रात्री त्याच्याशी एकटे झुंजणे संपले.

चित्र हे औषध नव्हे. ते अंगारे-धुपाऱ्यासारखे विकणारा भेटला तर त्याला हाकलून द्या. दवाखान्यात जायचेच. मात्र रेघ ओढताना मन त्या रेघेवर बसते, आणि आत कोंडलेले दुखणे बाहेर कागदावर येते. तिथे ते आपणही पाहू शकतो, दुसराही पाहू शकतो. साहित्य संमेलने पुष्कळ झाली, आपल्या माणसांनी मनाचे दुःख लिहिले. शरीराचे दुःख लिहायला अक्षरही लागते. रेघ ओढायला लागत नाही. आपल्या निरक्षर म्हाताऱ्या मायसुद्धा ती ओढू शकतात.

म्हणून समितीला विनंती आहे. रविवारी वंदनेनंतर तासभर कागद आणि रंगीत खडू विहारात ठेवावेत. ज्याचे जे दुखते ते त्याने काढावे. कोणी हसू नये, कोणाला नंबर देऊ नये. तरुणांनी ते कागद घेऊन आजारी माणसाबरोबर दवाखान्यात जावे. पहिल्या रविवारचे खडू आम्ही आणतो.

आपल्या बाजूला बसलेल्या माणसाला काय दुखते, हे ज्या विहारात कळते, तिथेच करुणा नांदते.

जयभीम! नमो बुद्धाय!