बटण दाबल्यानंतर

श्रोतेहो,

संगणकाच्या पडद्यावर एक बटण असतें. तें आपण दाबतों आणि त्याप्रमाणें कार्य घडतें. बहुधा तें इतकें बिनचूक घडतें कीं, दाबणें आणि घडणें यांच्यामध्यें कांहीं आहे याची आपणांस जाणीवही नसते. परंतु त्या अल्पशा अंतरांतच असे कांहीं दोष दडून बसतात कीं, ते शोधतांना जाणत्यांचीही मति कुंठित व्हावी. या दोषांचें स्वरूप काय व ते कसे शोधावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम प्रोग्रॅमचे दोन प्रकार लक्षांत घेतले पाहिजेत. पगाराचा हिशेब करणारा प्रोग्रॅम आपल्याच क्रमानें आरंभापासून शेवटापर्यंत चालतो. पडद्यावर खिडक्या, बटणें व रकाने मांडून बसलेला प्रोग्रॅम मात्र आपण होऊन फारसें कांहीं करीत नाहीं; तो वाट पाहतो. कळ दाबली गेली, माउस हालला, खिडकी मिटली, दूरच्या यंत्राकडून उत्तर आलें, यांतील प्रत्येक गोष्टीस ‘इव्हेंट’ म्हणजे घटना म्हणतात. घटना एका रांगेंत उभ्या राहतात. प्रोग्रॅमचें एक चक्र अखंड फिरत असतें. तें रांगेंतील पहिली घटना उचलतें, तिच्यासाठीं नेमलेल्या कोडाच्या तुकड्यास हांक मारतें, आणि तो तुकडा काम आटोपून परतला कीं पुढच्या घटनेकडे वळतें. अशा तुकड्यास या व्यवसायांत ‘लिसनर’, म्हणजे श्रोता, असेंच म्हणतात. तेव्हां तो आपणां सर्वांचा नामबंधुच म्हणावयाचा!

डग्लस एंगलबार्ट यांनीं ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें माउसचा जाहीर प्रयोग करून दाखविला. १९७३ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत आल्टो हा संगणक सिद्ध झाला. आणि १९८४ मध्यें मॅकिंटॉशनें ही पद्धति सामान्य ग्राहकापर्यंत पोंचविली. या परिवर्तनाचा एक परिणाम असा झाला कीं, कोणतें काम कोणत्या क्रमानें व्हावें हें ठरविण्याचा अधिकार प्रोग्रॅम लिहिणाराच्या हातून सुटून तो वापरणाराच्या हातीं गेला.

दोषाचें बीज येथेंच आहे. प्रत्येक श्रोता एकेकटा तपासला तर निर्दोष ठरतो. दोन घटना अनपेक्षित क्रमानें किंवा अनपेक्षित वेगानें आल्या म्हणजे मात्र घोटाळा होतो. एक साधें उदाहरण घ्या. शोधाच्या रकान्यांत कोणी ‘सा’ हें एक अक्षर लिहितो व लगेच ‘सातारा’ असा शब्द पुरा करतो. प्रोग्रॅम दोन प्रश्न पाठवितो. दुसऱ्याचें उत्तर आधीं येतें, पहिल्याचें मागाहून. आणि मागाहून आलेलें शिळें उत्तर ताज्या उत्तरास पुसून टाकतें. रकान्यांत ‘सातारा’ आणि यादींत भलतींच गांवें! कोड ओळीओळीनें वाचला तरी चूक सांपडत नाहीं, कारण ती कोणत्याही एका ओळींत नाहींच; ती दोन ओळींमधल्या काळांत आहे.

असा दोष केवळ गैरसोय करून थांबत नाहीं, याची साक्ष थेराक-२५ या यंत्राच्या इतिहासांत आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारें हें यंत्र कॅनडांतील अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेनें तयार केलें होतें. १९८५ ते १९८७ या काळांत त्यानें सहा रुग्णांना मर्यादेबाहेर प्रचंड किरणमात्रा दिल्याचें नमूद आहे. त्याच्या पडद्यावर चित्रें नव्हतीं, अक्षरांचे रकाने तेवढे होते. परंतु दोषाची जात आपल्या विषयांतलीच.

हें यंत्र क्ष-किरण व इलेक्ट्रॉन असे दोन उपचार देई. क्ष-किरणांसाठीं मूळ झोत कितीतरी पटींनीं प्रखर लागे, आणि तो सौम्य करून पसरविणारीं साधनें मध्यें असावीं लागत. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत टायलर येथें २१ मार्च १९८६ रोजीं यंत्र चालविणाऱ्या बाईंनीं उपचाराच्या रकान्यांत सवयीनें ‘एक्स’ हें अक्षर टाईप केलें. पाहिजे होतें ‘ई’. चूक ध्यानीं येतांच त्यांनीं वर जाण्याची कळ दाबून अक्षर बदललें आणि झरझर खालीं येऊन झोत सोडण्याची आज्ञा दिली. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा गूढ संदेश उमटला व यंत्र थबकलें. असे संदेश तेथें नित्याचेच. म्हणून त्यांनीं उपचार पुढें चालविला. रुग्णाला भयंकर मात्रा बसली होती. पांच महिन्यांनीं तो वारला. ११ एप्रिलला त्याच ठिकाणीं दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग ओढवला, व तोही १ मे रोजीं मरण पावला.

आंत काय घडत होतें? यंत्रांतील चुंबकांची जुळणी होण्यास सुमारें आठ सेकंद लागत. या अवधींत रकान्यांत बदल झाला तर तो टिपण्याची योजना होती. परंतु पहिल्या चुंबकानंतर ती तपासणीच बंद पडे. त्यामुळें आठ सेकंदांच्या आंत झालेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, यंत्राच्या एका भागास ती कळे आणि दुसऱ्यास कळत नसे. साधनें इलेक्ट्रॉनच्या जागीं फिरत, झोत मात्र क्ष-किरणांचाच राही. सावकाश टाईप करणाराच्या हातून हा दोष कधींच प्रकट झाला नसता. अनुभवानें हात जितका जलद, तितका धोका अधिक!

हा दोष उघडकीस कसा आला, हें आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें. दुसऱ्या प्रसंगानंतर रुग्णालयांतील पदार्थवैज्ञानिक आणि त्या बाई यंत्रापाशीं बसले व घडलें तसें पुनः पुनः घडवूं लागले. कोणत्या कळा दाबल्या एवढेंच नव्हे, किती वेगानें दाबल्या, याचा त्यांनीं माग काढला, आणि अखेर तोच संदेश हुकमी उमटविला. उत्पादकांच्या अभियंत्यास प्रथम तो उमटवितां येईना. कळा भरभर दाबल्या पाहिजेत असें सांगितल्यावरच जमलें. पुढें उत्पादकांनीं तात्पुरता उपाय सुचविला तो असा, कीं वर जाण्याच्या कळेची टोपी काढून टाकावी व आंतील संपर्क चिकटपट्टीनें बंद करावा! दार नीट लागत नाहीं म्हणून भिंत बांधण्यासारखेंच हें. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानेंही उत्पादकांची ही सूचना अपुरी ठरविली.

यांतून शोधकानें घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, “काय दाबलें?” एवढेंच न विचारतां “कोणत्या क्रमानें, किती वेगानें?” हें विचारावें. “घाईंत असलों कीं असें होतें” हें वापरणाराचें वाक्य तक्रार नसून पुरावा आहे. दुसरी गोष्ट, प्रोग्रॅम मध्येंच थांबवून पाहण्याच्या नेहमींच्या रीतीवर येथें फार विसंबूं नये. शोधक ब्रेकपॉइंट लावून प्रोग्रॅम थांबवितो व आपली दुसरी खिडकी पुढें आणतो, तोंच पहिली खिडकी मागें गेल्याची नवीच घटना रांगेंत येते. पाहण्याच्या क्रियेनेंच पाहावयाची वस्तु बदलते. त्यापेक्षां प्रत्येक घटनेची, अनुक्रमांक व वेळ यांसह, रोजनिशी ठेवावी, आणि दोष घडल्यावर ती शांतपणें वाचावी. तिसरी गोष्ट, संशयाच्या जागीं मुद्दाम विलंब घालावा. एरवीं अर्ध्या क्षणांत येणारें उत्तर दहा सेकंदांनीं येऊं दिलें, तर शंभरांत एकदां दिसणारा दोष दर खेपेस दिसतो, आणि नित्य दिसणारा दोष पकडणें सोपें असतें.

दोष सांपडल्यावर उपायही क्रमाचाच करावा. प्रत्येक प्रश्नास क्रमांक द्यावा व शिळ्या क्रमांकाचें उत्तर टाकून द्यावें. पैसे पाठविण्याचें बटण एकदां दाबलें कीं निकाल लागेपर्यंत निष्क्रिय करावें. वेळखाऊ काम मुख्य चक्राबाहेर न्यावें, म्हणजे रांग तुंबणार नाहीं. आणि जें कृत्य परत घेतां येत नाहीं, तें करण्यापूर्वीं पडद्यावर जें दिसतें तेंच यंत्राच्या पोटांत आहे, याची शेवटच्या क्षणीं पुनः खात्री करावी.

यंत्र चालविणारा माणूस चुकेल, चूक सुधारील, घाई करील, दोनदां दाबील. हें त्याचें वैगुण्य नव्हे. हा मनुष्याच्या हाताचा स्वभाव आहे. त्या हाताचा वेग गृहीत धरून ज्यानें प्रोग्रॅम लिहिला, त्यानेंच तो खरा पुरा केला.