पाऊस बाजूने येतो
(लोणावळ्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापला आहे 'ओट्यावरचे व गच्चीवरचे छत : निवड कशी करावी'. सभागृहात शिरता शिरताच मला विचारणा झाली, पत्रा घालू की पॉलीकार्बोनेट? उत्तर देईन, पण शेवटी. माझ्या दृष्टीने तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तुमच्या ओट्यावर पाऊस येतो कुठून? देशावरचा माणूस म्हणेल, वरून. लोणावळ्यात तो बाजूने येतो. आज मला एवढे एकच सांगायचे आहे.

इथल्या पावसाचे आकडे तुम्हाला पाठ आहेत. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. आणि इथून तीसेक किलोमीटरवर तळेगावात त्याचा तिसरा हिस्साही पडत नाही. ढग, घाट, पर्जन्यछाया हे सगळे शाळेत झाले आहे, ते सोडून देतो. एवढेच ध्यानात घ्या, की एकाच मावळ तालुक्यात पावसाचे दोन मुलूख आहेत. तळेगावच्या सोसायटीत शोभणारे छत नमुना म्हणून लोणावळ्यातल्या तुंगार्लीत आणू नका.

आता थोडा हिशेब. समजा ओटा आठ फूट रुंद आहे आणि छत त्याच्याही पुढे दोन फूट काढले आहे. छताची बाहेरची कडा जमिनीपासून नऊ फुटांवर. जुलैमधली झड पंचेचाळीस अंशांत आली, आणि ती येतेच, तर पाणी कडेपासून नऊ फूट आत जाते. आठ फुटांपैकी सात फूट ओले. भिंतीला चिकटून एक फुटाची कोरडी पट्टी उरते, तिथे चपला ठेवा. (हशा) आता तीच कडा साडेसहा फुटांवर आणा. घराकडची बाजू दहा फुटांवरच राहू द्या. साडेतीन फूट कोरडे झाले. पत्रा तोच, खांब आखूड, म्हणजे खर्चही थोडा कमीच. आता त्या कडेपासून जमिनीवर साडेतीन फूट उरेपर्यंत खाली एक झडप सोडा. ओल बाहेरच्या दीड फुटातच थांबते.

पुढे काढण्यापेक्षा खाली आणणे महत्त्वाचे, असे मी म्हणतो ते यासाठी. वारा सुटला की आपण छत्री डोक्यावर सरळ धरत नाही, वाऱ्याच्या तोंडावर तिरकी करतो. घराच्या बाबतीत हे आपण विसरलो. नाणे मावळात, पवन मावळात, अंदर मावळात जुनी घरे पाहा. पडवीची वळचण इतकी खाली, की वाकून आत जावे लागते. पश्चिमेच्या अंगाला कारवीचा कूड, नाहीतर पावसाळ्यापुरती बांधलेली झडप. शाकारणीच्या वेळी झडप चढायची, दसऱ्याच्या सुमारास उतरायची. ती अडाणी माणसांची अडचण होती असे समजून आपण वळचण उंच केली आणि मग भिंती का फुगतात म्हणून रंगवाल्याला विचारत बसलो.

मागून प्रश्न आला आहे, मग दरी कशी दिसणार? प्रश्न रास्त आहे. बंगला दरीसाठीच घेतलेला असतो आणि दरी असते पश्चिमेला. जिकडून देखावा तिकडूनच झड. पण झडीच्या दिवसांत दरीत काय दिसते? ढग! (हशा) गुंडाळता येणारा पारदर्शक पडदा लावा. वारा थांबला की वर घ्या. कायमची काच लावून ओट्याची खोली करू नका. ओट्याचे सुख जाते आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि घाट चढून त्याच दिवशी मावळात पोचले. पत्रे उडाले, गुलाबाची पॉलीहाउस फाटली. पत्रा वजनाने बसून राहतो हा समज त्या दिवशी सुटायला हवा होता. वाऱ्याच्या भाराचे जे भारतीय मानक आहे, त्यात पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर हा मूळ वेग धरला आहे. त्या वेगाला दाब येतो चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास. दहा बाय बाराच्या छताला जवळजवळ एक टन. पत्र्याचे स्वतःचे वजन पन्नास-साठ किलो! घराला लागून असलेल्या ओट्यात वारा समोरून शिरतो, भिंतीवर आपटतो, त्याला जायला जागा नसते, मग तो छत वर ढकलतो. म्हणून पाया आणि खांब यांचा जोड हा छताचाच भाग धरा. फरशीवर चार इंची पट्टी ठेवून दोन बोल्ट मारणे म्हणजे पाया नव्हे. पुढच्या रांगेत फॅब्रिकेशनचे काम करणारी मंडळी बसली आहेत, त्यांच्या कपाळावर आठ्या दिसताहेत. माझा रोख तुमच्यावर नाही. चौरस फुटाचा दर पाडून मागणारे आम्ही गिऱ्हाईकच पायाचे पैसे कापतो. आणि वाऱ्याच्या बाजूची झडप पावसाबरोबर हा वर ढकलणारा जोरही कमी करते, हे माझ्या बाजूचे आणखी एक कारण.

आडोशाने काय साधते हे पाहायला इथे मला भाज्याच्या लेण्यांकडे जायचे आहे. मळवली स्टेशनला उतरून आपण सगळेच गेलो आहोत, पण छताच्या नजरेने गेलो आहोत का? भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, तोंड पश्चिमेला. आज त्याचे तोंड सताड उघडे दिसते. तसे ते नव्हते. समोर लाकडी दर्शनी पडदा होता. तो बसवण्यासाठी केलेली भोके दगडात आजही दिसतात. लाकूड गेले, भोके उरली. मात्र आत, छताला लावलेल्या लाकडी फासळ्यांपैकी कितीतरी अजून जागेवर आहेत. दोन हजार वर्षे! एकाच लेण्यात लाकडाची ही दोन नशिबे. झडीच्या तोंडावरचे गेले, आडोशाचे टिकले. कार्ल्याला या. हे त्यानंतरचे काम, तेही पश्चिमाभिमुख, आणि आपल्या देशातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह, पंचेचाळीस मीटर खोल. इथे दर्शनी पडदा दगडातच राखला आहे, त्याच्या आत पडवी, आणि मग चैत्याचे दार. तिथल्याही लाकडी फासळ्या आहेत. बेडशाला तर समोरचा खडकच पुरता काढलेला नाही. त्यातल्या अरुंद वाटेने आत जायचे, तेव्हा चार उंच खांबांची पडवी दिसते, आणि तिचे तोंड पूर्वेला. खडक का ठेवला हे कोरणाऱ्यांनी कुठे लिहिलेले नाही. मी जुलैमध्ये तिथे उभा राहिलो आहे आणि मला त्याचा उपयोग अंगावर कळला आहे. भाज्याच्या विहारातली, सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पेसुद्धा पडवीतच आहेत. इतका नाजूक हात त्या माणसांनी पडवीच्या भरवशावर चालवला. मावळातला माणूस आडोसा बांधायला आज शिकत नाही, त्याला बावीसशे वर्षे झाली. ते ज्ञान आपल्या हातून तीस-चाळीस वर्षांत सुटावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे. तर मग साहित्य, भरभर.

रंगीत प्रोफाइल पत्रा उत्तम, पण कापलेल्या कडेला गंज आधी धरतो. ती कडा त्याच दिवशी रंगवा. आवाज होणारच. फोनवर बोलायला आत जावे लागेल. पॉलीकार्बोनेट उजेडासाठी चांगले. त्याची अतिनील किरणे अडवणारी बाजू वरच हवी. तीन मीटरचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने आठेक मिलिमीटर वाढतो, म्हणून स्क्रूचे भोक मोठे ठेवा. पोकळ पत्र्याची टोके बंद केली नाहीत तर दुसऱ्या पावसाळ्यात आत शेवाळ दिसेल. मंगलोरी कौले मला सगळ्यांत आवडतात, पण त्यांना उतार जास्त लागतो. "आणि माकडे?" होय, ज्यांच्याकडे माकडांची वर्दळ आहे त्यांनी कौलाखाली पत्रा घालावा. (हशा) ताणलेले कापडी छत जूनच्या आधी उतरवता येत असेल तरच घ्या. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू-फोडू नका, त्यांची धूळ छातीत जाते. पन्हळ मोठी घ्या. 200 मिलिमीटर पावसाच्या दिवशी दहा बाय बाराच्या छतावरून बावीसशे लिटर पाणी उतरते, ते शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, मी थांबतो. माझी एक विनंती आहे. यंदा छताची घाई करू नका. गरजच असेल तर ताडपत्री बांधून जून-जुलै काढा. झडीच्या दिवशी पाऊस थांबला की ओट्यावर जा, फरशी जिथपर्यंत ओली झाली असेल तिथे ऑइलपेंटची रेघ मारा, खडूची पुसली जाईल. त्याहून मोठी झड आली तर रेघ आणखी आत घ्या. दसऱ्यानंतर फॅब्रिकेटरला बोलवाल तेव्हा त्याला आधी ती रेघ दाखवा, मग दर विचारा.